बाल्कनीतला पंप आणि कपाटातली कादंबरी

पंपाच्या प्रकरणात माझी जी काही शोभा झाली तिला मी जबाबदार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या इमारतीत या गोष्टीच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरताहेत. त्यातल्या एकीत मी गच्चीवरच्या टाकीत पडलो होतो म्हणे. मी टाकीत पडलेलो नाही.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. टाकी आमच्या अगदी डोक्यावर, म्हणजे पाणी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात आमच्याकडे येणार, असं घर घेताना मला वाटलं होतं. पाण्याला तसं वाटत नाही. टाकी जितकी जवळ तितका जोर कमी, असा त्याचा हिशेब असतो. शॉवरखाली उभं राहिलं तर पाणी येतंय की आपल्यालाच घाम फुटलाय, हे कळत नसे. म्हणून स्वयंपाकघरामागच्या छोट्या बाल्कनीत एका लोखंडी स्टँडवर आम्ही पंप बसवला. नळ उघडला की आपोआप सुरू, नळ मिटला की आपोआप बंद. आवाज थोडा करतो, पण आमच्या घरात थोडा आवाज सगळेच करतात.

माझी बायको शाळेत शिकवते. तिचा आवाज असा आहे की तिने औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचल्या तरी माणसाने ऐकत बसावं. (ती माझ्यावर चिडते तेव्हाही शब्द न् शब्द स्वच्छ कळतो, ही त्याच आवाजाची दुसरी बाजू.) तिच्या कुठल्याशा मैत्रिणीने तो आवाज ऐकण्याची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीपर्यंत पोचवला आणि कंपनीने तिला चक्क एक अख्खी कादंबरी वाचायला दिली. घरीच रेकॉर्ड करायची. हे पुस्तक पसंत पडलं तर पुढची मिळणार.

"इतक्या वर्षांनी कोणीतरी मला काहीतरी नवीन करून बघ म्हणालंय," ती म्हणाली. एरवी ती असं काही बोलत नाही, त्यामुळे मी लगेच वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

रेकॉर्डिंगसाठी तिने आमचं कपड्यांचं कपाट निवडलं. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. खालचे दोन कप्पे काढून आत स्टूल, छोटा दिवा आणि माईक. डोक्यावर माझे शर्ट लोंबताहेत आणि ही आत बसून वाचतेय. माझ्या शर्टांचा इतका उपयोग लग्नानंतर प्रथमच झाला, असं तिने मला सांगितलं.

पहिली काही प्रकरणं पाठवल्यावर कंपनीच्या संपादकबाईंचा फोन आला. "मॅडम, वाचन सुरेख झालंय. पण म्हातारा नावाडी शेवटच्या घटका मोजतोय आणि मागे कुणीतरी गिरणी सुरू केलीय."

ती गिरणी म्हणजे आमचा पंप. घर्रर्र... घर्रर्र... खट्ट! आणि यातली खरी गंमत अशी, की घरातले सगळे नळ बंद असतानाही तो आपल्या मनाने सुरू व्हायचा.

"एवढंच ना? रविवारी बघतो," मी म्हणालो.

"बघू नकोस. दुरुस्त कर," ही म्हणाली.

इथे माझ्या नोकरीबद्दल एक वाक्य सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. लोकांच्या घरात पाणी कसं शिरलं, याचे त्यांनी दिलेले खुलासे वाचून त्यावर अविश्वास दाखवणं हे माझं काम. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत मी स्वतःला जवळजवळ तज्ज्ञ समजत होतो.

दुसरे तज्ज्ञ घरातच होते. माझे सासरे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीसाठी आमच्याकडे आले होते, आणि विश्रांती हा त्यांना सगळ्यात न मानवणारा प्रकार आहे. जन्मभर ते छापखान्यात यंत्रांचे फोरमन होते. त्यांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"यंत्र बोलत असतं, जावईबापू."

"काय म्हणतंय?"

"थांबा. अजून ओळख होतेय."

तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे निरीक्षक. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, एकटेच राहतात. खातं सुटलं तरी मोजणं सुटलेलं नाही. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता आणि हातात मोबाइल.

"तुमचा पंप बहात्तर आहे," ते म्हणाले.

"बहात्तर काय?"

"आवाज. या ॲपवर दिसतो. माणसाला काही ऐकू येईनासं झालंय हो. बंदोबस्त करा."

"तेच चाललंय काका," ही म्हणाली.

"चाललंय ते ऐकू येतंच आहे. थांबवा."

पहिला उपाय मी केला, तो असा. पंप हादरतो म्हणून आवाज येतो, तेव्हा त्याच्याखाली काहीतरी मऊ घालावं, हे कुणालाही पटेल. घरात मऊ आणि रबरी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे हिची व्यायामाची चटई. ती गेल्या वर्षभरात उघडली गेलेली नाही, हे मी हिच्या नजरेला आणून दिलं. ते आणून द्यायला नको होतं. असो. चटईचे चौकोनी तुकडे कापून मी पंपाखाली सरकवले. आवाज खरोखर कमी झाला. पण आतापर्यंत एका जागी उभं राहून थरथरणारा पंप मऊ गादी मिळाल्यावर चालायला लागला. दुपारभरात तो स्टँडच्या कडेपर्यंत आला, पाइपचा सांधा ताणला गेला आणि आम्ही चहा पीत असताना स्वयंपाकघरात पाणी आलं.

दाव्याच्या अर्जात आम्ही एक प्रश्न विचारतो, "पाणी हळूहळू शिरले की एकदम?" लोक नेहमी "एकदम" लिहितात आणि मी त्यावर लाल रेघ मारतो. ही दारात येऊन म्हणाली, "कसं काय झालं हे?" आणि माझ्या तोंडून गेलं, "एकदम."

सांधा नीट बसवायचा तर गच्चीवरचा आमचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा. गच्चीला कुलूप, आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत. पाणी पुसायचं काम सासऱ्यांवर सोपवून मी त्यांच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा खुर्चीत एक पेशंट आ वासून आडवा झालेला होता.

"व्हॉल्व्ह बंद करायचाय? अर्ज आणलाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तातडीचं आहे हो. तोंडीच सांगतोय."

"तोंडी काही चालत नाही," पेशंटच्या तोंडात आरसा घालत डॉक्टर म्हणाले.

मी भिंतीला टेकून, त्यांच्याच औषधाच्या चिठ्ठीवर अर्ज लिहिला. लिहिताना मोठ्याने वाचत होतो, "...तरी गच्चीवरील निळ्या चाकाचा व्हॉल्व्ह..."

"आं! आंआं!" खुर्चीतला पेशंट एकदम हात हलवायला लागला. त्याने एक बोट दाखवलं, मग दुसरं दाखवलं, मग दोन्ही बोटांची अदलाबदल केली.

"दुखतंय का? आत्ता बधिर होईल," असं म्हणून डॉक्टरांनी त्याला टोचलं. पेशंटने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला त्या वेळी दातदुखीची वाटली.

गच्चीवर जाऊन मी निळं चाक घट्ट फिरवलं, खाली आलो, आणि निर्धास्तपणे सांधा उघडला. जे पाणी आलं त्याचं वर्णन करत नाही. मी एका अंगठ्याने पाइप दाबून धरला, सासरे दुसऱ्या बाजूने टॉवेल धरून उभे राहिले आणि ही धावत गच्चीवर गेली. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटचं दार उघडून तिथल्या वहिनी डोक्याला शांपूचा फेस घेऊन बाहेर आल्या. "आमचं पाणी कोणी तोडलं?" त्यांच्या पाठोपाठ जिन्यातून त्यांचे यजमान चढत आले, एक गाल धरून. आणि मला त्या क्षणी त्यांची ओळख पटली. आ वासलेला माणूस एकदम ओळखू येत नाही, हे माझ्या बाजूने सांगायला हवं.

"मी फांगत होतो ना तुम्हाला!" बधिर ओठांनी ते कळवळून म्हणाले. "निळा आमचा! लाल तुमचा! रंगाऱ्याने अदलाबदल केलीय! फगळ्यांना माहितेय!"

फगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी सोसायटीच्या सभांना जात नाही, हा मुद्दा त्यानंतर जिन्यात बराच वेळ चर्चिला गेला.

यानंतर सासऱ्यांनी कारभार आपल्या हातात घेतला. पाणी बंद, वीज बंद, आणि जुन्या चादरीवर त्यांनी पंप पार खोलला. एकेक भाग पुसून ते ओळीने मांडत गेले, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांचा चेहरा ऑपरेशननंतर प्रथमच उजळला होता. पाणी आत शिरतं तिथल्या जाळीत गाळ अडकलेला सापडला. तो मला दाखवताना त्यांनी अशी मुद्रा केली, जणू तो मीच खाल्ला होता. जाळी धुतली, सगळं परत जोडलं, आणि चादरीवर एक स्प्रिंग आणि एक वॉशर शिल्लक राहिला.

"हे उरलं, बाबा."

त्यांनी ते दोन्ही निरखून पाहिलं. "जास्तीचं असेल. कंपन्या घालून ठेवतात."

पंप सुरू केल्याबरोबर तो किंचाळला. आत हवा राहिली होती. हवा काढली तशी तो शांत झाला, इतका शांत की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. लग्नात त्यांनी माझा हात हातात घेतला होता, त्यानंतर आत्ता घेतला. कपाटातून हिचा वाचण्याचा आवाज येत होता. कादंबरीत तेव्हा नावाड्याची रुसून गेलेली मुलगी पैलतीरावर येऊन उभी राहिली होती.

घर्रर्र... घर्रर्र... खट्ट!

कपाटाचं दार उघडलं. "नळ कोणी सोडला?"

कोणीच सोडला नव्हता.

नळ बंद असताना पंप सुरू होतो, याचा अर्थ कुठेतरी पाणी गळतंय, असं मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं. गळती शोधायला फ्लशच्या टाकीत रंग टाकायचा. माझ्याजवळ लाल शाई होती, ती मी टाकली. हे सगळ्यांना सांगायला हवं होतं, हे मान्य. थोड्या वेळाने सासरे बाथरूममधून बाहेर आले ते भिंतीला धरून. खुर्चीत बसले, घाम पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, तिला काही बोलू नका. पण मला डॉक्टरकडे घेऊन चला." मी शाईचं सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी जेवणापर्यंत बोलले नाहीत. गळती मात्र नव्हती.

मध्यंतरी निरीक्षक पुन्हा येऊन गेले. पंप आता शहात्तर होता.

शेवटी प्लंबरला बोलावलं. तो एका कानाला मोबाइल लावूनच आला आणि तसाच गेला, त्यामुळे त्याचं कोणतं वाक्य आम्हाला होतं आणि कोणतं फोनवरच्या माणसाला, हे निश्चित सांगता येणार नाही. पंपाकडे पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला, "हा उघडला कोणी?" पंचनामा करायला आलेल्या हवालदाराच्या आवाजात. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"बेअरिंग गेलंय. हंड्रेड पर्सेंट. माझा हात लागला की कळतं," तो म्हणाला. त्याचा हात अजून लागला नव्हता. त्याने पाइप सरळ जोडून दिला, पंप स्कूटरवर पुढे ठेवला आणि निघून गेला. नळाला पुन्हा सुतळीएवढी धार आली.

आता परिस्थिती अशी, की कंपनीने दिलेली मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती, आणि त्यांच्यात गिरणी चालणार नाही असं संपादकबाईंनी गोड शब्दांत बजावलं होतं. हिने शाळेतून रजा घेतली. "पंप नाही हे बरंच झालं," ती म्हणाली. "बादलीने आंघोळी करा. पण मला शांतता द्या." आम्ही दिली. सासऱ्यांनी चपला काढून ठेवल्या. मी घड्याळ उशीखाली ठेवलं. कपाटाचं दार लागलं.

तिने दोन पानं वाचली असतील नसतील.

घर्रर्र... घर्रर्र... खट्ट!

कपाटातून ही बाहेर आली, दिवाणखान्यातून मी आणि आतल्या खोलीतून सासरे. तिघंही बाल्कनीत गेलो. स्टँड रिकामा होता. त्यावर चटईचे चार तुकडे होते, बाकी काही नाही. सासऱ्यांनी रिकाम्या स्टँडवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि कान लावला. सवयीने असेल.

मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. बरोबर आमच्या खाली, निरीक्षकांच्या बाल्कनीत, तसाच स्टँड होता. त्यावर तसाच पंप.

बेल वाजली.

"आत्ता तर कहर झाला! ब्याऐंशी!" निरीक्षकांनी मोबाइल पुढे धरला. खांद्यावर टॉवेल, आणि हातावरून पाणी निथळत होतं.

माझ्या आयुष्यात असे क्षण फार आलेले नाहीत. मी घसा साफ केला. मनात एक वाक्य तयार झालं, धारदार आणि तरीही सभ्य. पण ही पुढे झाली. "काका, आत या ना," असं म्हणून तिने त्यांना बाल्कनीत नेलं.

निरीक्षक रिकाम्या स्टँडकडे बघत राहिले. "पंप कुठाय?"

"दुरुस्तीला गेलाय. सकाळीच."

"मग आत्ता जो आवाज आला तो..."

"तुम्ही आत्ता काय करत होतात, काका?"

"मी? बाल्कनीतल्या सिंकवर भांडी घासत..." ते थांबले. त्यांनी खाली पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. त्यानेच फितुरी केल्यासारखं. "माझा पंप शांत आहे. मी बसवताना मोजून घेतला होता." मग एकदम आवाज खाली आला. "वरून येतोय असंच वाटायचं हो. खरंच."

आता माझं वाक्य म्हणायला हरकत नव्हती. पण हिने डोळ्यांनी मला गप्प केलं. "मला उद्या संध्याकाळपर्यंत पुस्तक संपवायचंय, काका. तेवढा वेळ तुमचा पंप बंद ठेवाल का?"

निरीक्षकांनी टॉवेलला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि भलतंच विचारलं, "तो नावाडी वाचतो का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही, म्हणजे," ते म्हणाले, "तुमच्या कपाटाच्या भिंतीमागून पाइपांचा शाफ्ट जातो ना, तो माझ्या सिंकच्या वर उघडतो. संध्याकाळी भांडी घासायला उभा राहिलो की तुमचा आवाज येतो. आधी वाटलं रेडिओ आहे. मग लक्षात आलं. एका माणसाची भांडी ती किती असणार? पण मी आपला घासत राहायचो. आणि ऐन रंगात आलं की हा घर्रर्र सुरू! मुलगी नावेत बसली की नाही तेच कळेना. म्हणून चिडून वर यायचो." ते थोडे लाजले. "नळ सोडत होतो मीच, हे डोक्यात आलं नाही."

हिने एक खुर्ची उचलली आणि कपाटासमोर नेऊन ठेवली. "खालचा पंप बंद करून या. आणि इथे बसा. पण खोकायचं नाही."

ते जिने उतरून गेले आणि आले तेव्हा शर्ट बदललेला होता. दुसरी खुर्ची सासऱ्यांनी स्वतःच आणली. मी पलंगाच्या कडेवर बसलो, केवळ देखरेखीसाठी. माझ्या शर्टांच्या मागून तिचा आवाज यायला लागला, आणि हे मी याआधी कधी नीट ऐकलंच नव्हतं असं माझ्या लक्षात आलं. इतके दिवस मी तिच्या वाचण्यातून फक्त पंप ऐकत होतो. मुलगी नावेत बसली. म्हाताऱ्याने वल्हं मागितलं. कोणी द्यायला तयार नव्हतं, तिने दिलं. खोलीत आम्ही तीन पुरुष माणसं आणि एकाचीही हालचाल नाही. मधेच एक प्रकरण संपलं तेव्हा निरीक्षकांनी बोटानेच विचारलं, पुढे आहे ना? सासऱ्यांनी बोटानेच सांगितलं, आहे.

दुसऱ्या दिवशीही तीच बैठक. शेवटचं पान दुपारी वाचून झालं आणि मुदतीआधी पाठवून झालं. प्लंबरने त्याच वेळी पंप आणून दिला. त्यात काही बिघाड नव्हता, फक्त एक स्प्रिंग आणि वॉशर हरवला होता, आणि तो कोणी काढला असा त्याचा प्रश्न होता. आम्ही त्याला चहा दिला.

संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला. आम्ही चौघंही भोवती बसलो होतो, म्हणून हिने स्पीकर लावला.

"मॅडम, अप्रतिम. पुढचं पुस्तक मी आजच पाठवतेय. फक्त शेवटचं पान पुन्हा वाचाल का? म्हातारा वल्हं खाली ठेवतो ना, तिथे मागे आवाज आलाय."

"कसला? घर्रर्र असा?"

"नाही हो. कोणीतरी हुंदका दिल्यासारखा."

फोन ठेवून हिने सावकाश आमच्याकडे पाहिलं. आधी निरीक्षकांकडे, मग स्वतःच्या वडिलांकडे, मग माझ्याकडे.

"पंप असेल," निरीक्षक म्हणाले.

"पंपच," सासरे लगेच म्हणाले. "बंद केल्यावरही आतलं पाणी खाली बसताना असा आवाज करतो. आमच्या छापखान्यात..."

"शंकाच नाही," मी म्हणालो, आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखं तिकडे पाहिलं.

हिने आम्हा तिघांना जिन्यात काढलं, बाहेरचं दार लावून घेतलं आणि शेवटचं पान वाचायला कपाटात गेली. आम्ही तिथेच पायऱ्यांवर बसलो. आवाज येतो का ते ऐकत.